कॅलमझूस जाऊन आलो

अमेरिकेस जाऊन आलेल्या माणसाला आपल्याकडे पहिला प्रश्न विचारतात तो नायगाऱ्याचा. मी नायगारा पाहिला नाही. मी कॅलमझूस जाऊन आलो. हे सांगितले की विचारणारा गृहस्थ माझ्याकडे जरा काळजीने पाहतो. आमच्या कॉलेजातील एका प्राध्यापकांनी तर "हे नाव तुम्हीच तयार केलेत की काय?" असे विचारले. मराठीच्या अध्यापकाला शब्द पाडण्याचा नाद असतो, हा त्यांचा जुना समज.

पण नाव खरे आहे आणि गावही खरे आहे. अमेरिकेच्या मिशिगन राज्यात, डेट्रॉइट आणि शिकागो या दोन शहरांच्या जवळजवळ मध्यावर ते वसले आहे. नाव तेथल्या मूळ रहिवाशांच्या बोलीतले. गोऱ्यांनाही ते गमतीचे वाटत असावे, कारण १९४२ साली ग्लेन मिलरच्या वाद्यवृंदाने या गावावरचे एक गाणे वाजवले आणि ते देशभर प्रत्येकाच्या तोंडी झाले. एके काळी या गावची सेलरी नावाची भाजी प्रसिद्ध होती. हॉलंडहून आलेल्या शेतकऱ्यांनी पाणथळ काळ्या जमिनीत ती पिकवली. मग कागदाच्या गिरण्या आल्या, औषधांचा कारखाना आला, न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर धावणाऱ्या चेकर टॅक्सी १९८२ पर्यंत येथेच तयार होत. मला मात्र या गावाला ज्या कारणाने जावे लागले ते कारण भाजीचे नव्हते, कागदाचेही नव्हते. ते होते एका जुन्या गिटारचे.

आता हे थोडे घरचे सांगणे भाग आहे.

सांगलीस कृष्णेकाठी आमचे घर होते. २००५ साली नदी उंबऱ्याशी येऊन गेली, २०१९ साली माडीच्या जिन्याच्या सातव्या पायरीपर्यंत आली आणि २०२१ साली पुन्हा आली तेव्हा आम्ही दोघा भावांनी ठरवले, आता पुरे. आबा जाऊन बरीच वर्षे झाली होती, आईही गेली होती. घर विकले. पैशाचे दोन वाटे झाले. धाकटा गेली पंधरा वर्षे डेट्रॉइटजवळ नोकरीस आहे. एके रात्री त्याचा फोन आला.

"दादा, माझ्या वाट्यातून मी एक गिटार घेतोय. एकोणीसशे सत्तावन सालची."

"कितीला?"

"बारा हजार डॉलर म्हणतोय तो."

मी मनातल्या मनात बाराला ब्याऐंशीने गुणले आणि मला घाम फुटला. जवळजवळ दहा लाख रुपये! आबांनी कारकुनी करून, पोटाला चिमटा घेऊन बांधलेले घर. त्याच्या विटांचे पैसे एका सहा तारांच्या लाकडात घालायचे! मी एवढेच म्हणालो, "तुझे पैसे, तुझी मर्जी." आमच्या घरात या वाक्याचा अर्थ काय होतो, हे त्याला ठाऊक होते. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "उन्हाळ्याच्या सुट्टीत तू येणारच आहेस. तू पाहिल्याशिवाय घेत नाही."

असा मी २०२३ च्या जूनमध्ये, न्यायाधीशाची टोपी घालून, कॅलमझूस निघालो.

डेट्रॉइटकडून मोटारीने सव्वादोन-अडीच तासांचा रस्ता. दोन्ही बाजूंना मक्याची कोवळी शेते, मध्येच ओकची दाट राने आणि लाल रंगाची धान्याची कोठारे. धाकटा वाटेत एकसारखा बोलत होता. लहानपणी त्याला गणितात पाढा आठवत नसे. पण आता सन, महिना, लाकूड, तार, खिळा सगळे मुखोद्गत. मी खिडकीबाहेर पाहत ऐकत होतो, आणि ऐकायचे नाही असे ठरवूनही हळूहळू त्यात रमत होतो.

ऑर्व्हिल गिब्सन नावाचा एक माणूस १८५६ साली न्यूयॉर्क राज्यात जन्मला आणि पुढे पोटासाठी कॅलमझूस आला. जोड्यांच्या दुकानात नोकरी करायची आणि उरलेल्या वेळात लाकूड कोरायचे, असा त्याचा क्रम. व्हायोलिनचे पोट जसे कोरून बाकदार करतात तसे त्याने मँडोलिनचे केले आणि १८९८ साली त्याचे पेटंट घेतले. १९०२ साली गावच्या काही भांडवलवाल्यांनी त्याच्या नावाने कंपनी काढली. त्यानंतर कंपनी वाढत गेली. ऑर्व्हिल मात्र बाजूला पडला आणि १९१८ साली वारला. आदल्याच वर्षी, १९१७ साली, पार्सन्स स्ट्रीटवर कंपनीचा मोठा कारखाना उभा राहिला होता. नाव एकाचे आणि नशीब दुसऱ्याचे, हा प्रकार केवळ आपल्याकडेच असतो असे नाही.

गिटार हे वाद्य मूळचे मवाळ. मोठ्या वाद्यवृंदात पितळी कर्णे एकदा गर्जू लागले की गिटारवाला नुसता हात हलवताना दिसे, ऐकू काही येत नसे. यावर उपाय निघाला तो विजेचा. लोहचुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे सुमारे दहा हजार वेढे द्यायचे आणि हे गाठोडे गिटारच्या तारांखाली बसवायचे. वरची पोलादी तार कापली की चुंबकाचे क्षेत्र हलते, वेढ्यांत इवलासा प्रवाह उपजतो आणि तो ध्वनिवर्धकाने मोठा केला की सभागृह भरते. गिब्सनने १९३६ साली अशी गिटार बाजारात आणली आणि चार्ली ख्रिश्चन नावाच्या तरुण वादकाने ती वाजवून दाखवली. पण त्या गिटारचे पोट पोकळ होते. आवाज फार वाढवला की ते पोट स्वतःच घुमू लागे आणि शिट्ट्या मारी.

"मग पोटच काढून टाकले!" धाकटा म्हणाला.

लेस पॉल नावाच्या वादकाने १९४० च्या सुमारास एक सरळ चौकोनी लाकडी वासा घेतला, त्याला तारा चढवल्या आणि दिसायला बरे दिसावे म्हणून दोन्ही बाजूंना गिटारच्या पोटाचे अर्धे-अर्धे भाग जोडले. गिब्सनच्या लोकांनी त्या वेळी त्याला वाटेला लावले. पुढे कॅलिफोर्नियात लिओ फेंडरने भरीव लाकडाची गिटार काढली, ती खपू लागली, तेव्हा गिब्सनला लेस पॉलची आठवण झाली. १९५२ साली त्याच्या नावाची भरीव गिटार निघाली. खाली महोगनी, वर मेपलचे जाड पान आणि त्यावर सोनेरी रंग. १९५७ साली तिला सेथ लव्हर या कारागिराने शोधलेले दुहेरी वेढ्यांचे चुंबक बसवले. दोन वेढे एकमेकांच्या उलट, त्यामुळे विजेची गुणगुण आपसांत भांडून मरते आणि तारेचा आवाज तेवढा उरतो. १९५८ साली सोनेरी रंग गेला आणि सूर्यास्तासारखा तांबडा-पिवळा रंग आला.

खरी मौज पुढेच आहे. ही सूर्यास्ती गिटार त्या वेळी फारशी खपलीच नाही! अडीचशे डॉलरांच्या आसपास किंमत. लोकांना ती जड वाटली, जुन्या वळणाची वाटली. १९६० नंतर कंपनीने ती बंद करून दुसऱ्याच आकाराची काढली. पुढे इंग्लंडमधल्या पोरांना जुन्या दुकानांत ती सापडली. १९६६ साली एरिक क्लॅप्टनने जॉन मेयॉलच्या तबकडीवर ती वाजवली, आणि जो तो ती धुंडाळू लागला. १९६८ साली कंपनीने पुन्हा नव्याने लेस पॉल काढली, पण लोकांना हवी होती ती जुनीच. आज तिची एक एक प्रत लक्षावधी रुपयांना नव्हे, कोटींना जाते. तिच्या तांबड्या रंगाला उन्हात विटण्याची खोड होती. दुकानाच्या काचेत ज्या टांगून राहिल्या त्या लिंबासारख्या पिवळ्या झाल्या, ज्या पेटीत राहिल्या त्या तांबड्याच राहिल्या. आता शौकीन लोक त्या विटण्याच्याही छटा मोजतात आणि त्यांना नावे देतात! ज्याला आपण बिघाड म्हणतो त्याला तेथे मोल येते, हे पाहून मला हसू आले.

"तू ती कोट्यवधींची घेत नाहीस, हे आमचे भाग्य," मी म्हणालो.

"मी घेतोय ती ज्युनिअर. शिकणाऱ्या पोरांसाठी काढलेली. १९५४ साली शंभराला अर्धा डॉलर कमी होता. सपाट महोगनीची फळी आणि एकच चुंबक. नक्षी नाही, काही नाही."

पोरांची गिटार, शंभर डॉलरांची. आज बारा हजारांना! माझी न्यायाधीशाची टोपी पुन्हा डोक्यावर घट्ट बसली.

गावात शिरल्यावर आम्ही आधी पार्सन्स स्ट्रीटवरचा कारखाना पाहायला गेलो. हा भाग साधा, कामकऱ्यांच्या लाकडी घरांचा. त्यात मध्येच विटांची लांबट जुनी इमारत. जुन्या छायाचित्रांत तिच्या धुराड्यावर गिब्सन हे नाव उभ्या अक्षरांत दिसते. दुसऱ्या महायुद्धात पुरुष लढाईवर गेले तेव्हा गावातल्या बायकांनी येथे गिटारी घडवल्या. १९४४ सालचे एक छायाचित्र आहे. इमारतीपुढे पंचाहत्तरच्या आसपास बायका ओळीने उभ्या आहेत. कंपनी मात्र बाहेर सांगत होती की आम्ही युद्धाच्या कामात आहोत, वाद्ये बंद आहेत. त्या बायकांच्या हातची ती वाद्ये आज शौकीन शोधत फिरतात.

१९७० नंतर कंपनीने टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलला नवा कारखाना काढला आणि १९८४ साली येथले दार बंद केले. अनेक कारागिरांना नॅशव्हिलला चला म्हणून बोलावणे होते. काही गेले. काहींची घरे येथे, मुले येथे, म्हातारी माणसे येथे. ते गेले नाहीत. त्यांतल्या जिम ड्यूरलू, मार्व्हिन लॅम, जे. पी. मोट्स अशा काही जणांनी १९८५ साली त्याच इमारतीत, मागे राहिलेल्या जुन्या यंत्रांवर हेरिटेज नावाची आपली कंपनी काढली आणि पुन्हा गिटारी करू लागले. नाव गेले, पण हात राहिले. रस्त्याच्या कडेला उभा राहून धाकटा हे सांगत होता. 'मी गेलो, ते राहिले' असे काही त्याच्या मनात आले की काय, कोण जाणे. त्याने एकदम घड्याळ पाहिले आणि म्हणाला, "चल, दुकानवाला वाट पाहत असेल."

दुकान लहानसेच होते. मालक साठीच्या पलीकडला, चामड्याचा अंगरखा बांधलेला, बोलायला संथ. त्याची आजी त्याच कारखान्यात चुंबकांवर तार गुंडाळायला होती, असे त्याने सांगितले. त्याने मगरीच्या कातड्यासारख्या छापील पुठ्ठ्याची एक पेटी टेबलावर ठेवली आणि कड्या उघडल्या. जुन्या लाखेचा आणि बंद लाकडाचा एक गोडसर वास आला. सांगलीच्या घरातल्या शिसवी कपाटाला असा वास येई.

गिटार नव्यासारखी होती. मधे पिवळी, कडेला काळपट तपकिरी. मालकाने ती उलटी करून डोक्यामागचा शाईचा आकडा दाखवला. पहिला अंक सात, म्हणजे सत्तावन साल. एवढ्यावर विश्वास ठेवायचा नाही, म्हणून त्याने मागचे झाकण उघडले. आतल्या आवाज कमी-जास्त करण्याच्या बटणांवर करणाऱ्याचा, सालाचा आणि आठवड्याचा आकडा ठोकलेला होता. दिवा घालवून जांभळ्या किरणांचा दिवा लावला, तेव्हा जुनी लाख सगळीकडे सारखी हिरवट चमकली. कोठे नव्याने रंग दिला असता तर तेथे काळा डाग पडता. एखाद्या पोथीचा काळ ठरवताना आम्ही कागद, शाई आणि अक्षराचे वळण पाहतो. हेही तेच शास्त्र. पहिल्यांदाच मला त्या मालकाविषयी आदर वाटला.

"हिला कोणी वाजवलेले नाही," तो म्हणाला. "एका मुलासाठी घेतली. मुलाने दोन महिन्यांत सोडली. मग ती साठ वर्षे पलंगाखाली."

पलंगाखाली! हा शब्द ऐकला आणि मी उगीच चष्मा पुसू लागलो.

त्याचे कारण सांगतो. आमच्या आबांचा एक तंबोरा होता, मिरजेचा. मिरजेत शिकलगारांच्या घराण्यांनी हत्यारांचे काम सोडून सतारी आणि तंबोरे घडवायला सुरुवात केली, त्या परंपरेतल्या एका घरचा. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा, तुणाचे लाकूड, दांडीवर थोडी नक्षी. आबा रोज पहाटे तो लावीत. २०१९ च्या पुरात रात्री घाईने सामान माडीवर नेताना तंबोरा माझ्याच हातून जिन्याच्या कठड्यावर आदळला आणि भोपळ्याला वीतभर चीर गेली. पाणी ओसरल्यावर मिरजेस नेऊ, असे म्हणून मी तो गोधडीत गुंडाळून ठेवला. सांगलीहून मिरज जवळच. ती गोधडी नव्या घरी माझ्या पलंगाखाली गेली, आणि चार वर्षे तेथेच होती. धाकट्याला मी चिरेविषयी कधी सांगितले नव्हते.

धाकट्याने गिटार हातात घेतली, तार लावली, वाजवली. मला त्या संगीतातले फारसे कळत नाही. आवाज स्वच्छ होता, थोडा अवघडलेला. धाकट्याच्या चेहऱ्यावर मला अपेक्षित असलेला आनंद दिसेना. तो ती फार जपून धरत होता, जशी दुसऱ्याची पोर धरावी.

"दुसरी एक आहे," मालक म्हणाला, "पण ती तुमच्या कामाची नाही."

दुसरी पेटीतसुद्धा नव्हती, भिंतीला टेकून होती. तीही सत्तावनचीच. कोपरा घासून घासून लाकूड उघडे पडलेले, लाखेवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा, कोठे सिगारेटचा डाग. आणि मान मोडलेली! डोके जेथे मानेला मिळते तेथे एक आडवी, नीट सांधलेली रेघ होती. मालकाने आपण होऊन ती दाखवली. या गिटारीचे डोके मागे सतरा अंशांनी कललेले असते. मान महोगनीच्या एकाच तुकड्यातून कापलेली असल्यामुळे त्या बाकापाशी लाकडाचे तंतू आखूड पडतात. त्यातच मान सरळ ठेवणाऱ्या लोखंडी सळईसाठी तेथेच खोबण कोरलेली. उभी ठेवलेली गिटार मागे पडली की मोडते ती तेथेच. बाजाराचा नियम असा की सांधा कितीही पक्का असो, मान मोडली की किंमत निम्मी. हिचे साडेपाच हजार.

"आमच्याकडे असे नाही," मी न राहवून इंग्रजीत म्हणालो. "आमच्याकडे तंबोऱ्याचा भोपळा फुटला तर सांधतात, आणि आवाज चांगला असला तर त्याला कोणी कमी लेखत नाही."

"म्हणजे तुमच्याकडे वाद्ये वाजवतात," म्हातारा म्हणाला. त्यात टोमणा नव्हता; पण तो मला लागायचा तो लागलाच.

धाकट्याने ती गळ्यात अडकवली. पहिल्याच आघाताला समोरची काच थरथरली. जाडाभरडा, खरखरीत, पण भरदार आवाज, रात्रभर गायलेल्या गवयासारखा. तो वाजवीत राहिला. चाळिशीला आलेला माझा भाऊ मला एकदम शाळकरी दिसू लागला. काळ्या पट्टीवर त्याची बोटे फिरत होती. ती पट्टी ब्राझीलच्या शिसवीची, असे मालकाने सांगितले. ब्राझीलमधून ते लाकूड येणे दुर्मिळ झाल्यावर गिटारवाले आपल्या हिंदुस्थानच्या शिसवीकडे वळले. १९९२ पासून त्या ब्राझीलच्या शिसवीवर आंतरराष्ट्रीय बंदी आहे. ही गिटार देशाबाहेर न्यायची तर सरकारी परवाना लागतो.

"म्हणजे ही सांगलीला यायची नाही," मी म्हणालो.

"मी तरी कुठे येतोय, दादा," तो वाजवता वाजवताच म्हणाला.

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे काही नव्हते.

त्याने मोडकीच घेतली. मालकाने दोनदा विचारले. ही पुढे विकायला अवघड, हेही बजावले. "विकायची नाही," एवढेच धाकटा म्हणाला.

परतताना साडेनऊ वाजत आले तरी आकाशात उजेड होता. गिटार मागच्या बैठकीवर पट्टा बांधून, पाहुण्यासारखी. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "तुला वाटत होतं ना, आबांच्या घराचे पैसे मी उधळतोय?"

"वाटत होतं."

"आता?"

तेव्हा मी त्याला तंबोऱ्याची हकिकत सांगितली. जिना, कठडा, चीर, गोधडी, चार वर्षे, सगळे. अंधारात मोटार चालवणाऱ्या माणसाला सांगणे सोपे जाते. त्याला आपल्याकडे पाहता येत नाही. मला वाटले, आता हा बोलेल. माझ्या 'तुझे पैसे, तुझी मर्जी'चे उट्टे काढायला याहून चांगली संधी त्याला मिळाली नसती. पण तो म्हणाला, "साडेसहा हजार उरलेत. मिरजेचा खर्च त्यातून कर."

"मिरजेचा खर्च मी करीन," मी म्हणालो. "तेवढा मला करू दे."

ऑगस्टमध्ये मी तंबोरा मिरजेस नेला. वाद्यांच्या त्या गल्लीत पावसाळ्यातही भोपळे आढ्याला टांगलेले असतात. कारागीर वयाने माझ्याहून लहान होता. गोधडी सोडून त्याने भोपळ्यावर बोटाने टिचक्या मारल्या, कान लावला आणि विचारले, "किती वर्षं असा ठेवलाय, सर?"

"चार."

तो काही बोलला नाही. नवा भोपळा नको म्हणाला. जुना वाळून पक्का झाला आहे, तोच सांधू. पंधरा दिवसांनी गेलो तेव्हा चीर बंद झाली होती. रेघ दिसत होती, ती लपवू नका असे मीच सांगितले होते. त्याने घोडी घासून जवारी काढली, तारांखाली जिव्हाळीचा दोरा सरकवला, आणि चार वर्षांनी तो तंबोरा बोलला. पुढच्याच वर्षी, २०२४ साली, मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. वर्तमानपत्रातले ते कात्रण मी धाकट्याला पाठवले.

आता रविवारी सकाळी त्याचा फोन येतो. तेथे शनिवारची रात्र असते. मला गाता येत नाही, पण तंबोरा छेडता येतो. पहिल्यांदा त्याने विचारले, "पट्टी कुठली?"

"आबांचीच. काळी एक."

"थांब, लावतो."

मग तिकडून त्या मोडक्या मानेच्या गिटारचा एकच स्वर येतो, खरखरीत आणि लांब. टेलिफोनवरून यायला त्याला क्षणभर उशीर लागतो. तेवढा वेळ मी तार छेडीत थांबतो.